खरंच जेवायला बसणारे मयेकर

चारकोपच्या आमच्या सोसायटीत जेवणाच्या वेळी दारं लावून घ्यायची पद्धत कुणी आणली, असं आज तिथल्या पोरांना विचारलंत तर ती चोरांचं नाव पुढे करतील. साफ खोटं आहे. आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हा आमच्याकडे चोरण्यासारखं इतकं कमी होतं, की एखादा चोर आलाच असता तर दया येऊन स्वतःजवळचंच काहीतरी ठेवून गेला असता. दारं लागली ती एका माणसामुळे. आणि त्या माणसाने स्वतःचं दार मात्र कधी म्हणजे कधी लावलं नाही.

वासुदेव मयेकर. आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणायचो.

ऐंशीनंतरची वर्षं. चारकोप म्हणजे तेव्हा खारजमिनीवर मुरूम टाकून आखलेले चौकोन. सरकारी योजनेतल्या बैठ्या खोल्या, मधे सामाईक अंगण, आणि अंगणाच्या चारी बाजूंनी आम्ही. कुणी गिरणीतून बाहेर फेकला गेलेला, कुणी बँकेत, कुणी गोदीत. वस्ती इतकी विरळ, की आमच्या इथलं कुत्रं भुंकलं तर त्याला उत्तर द्यायला दुसरं कुत्रं गोराईहून निघायचं. अशा ठिकाणी तात्या एका टेम्पोतून उतरले. सामान काय, तर एक पत्र्याची ट्रंक आणि वडाच्या बुंध्याएवढं जाड चटयांचं भेंडोळं. बायको नाही, पोर नाही. पुतण्याने खोली घेऊन दिली, हात जोडले, आणि तो चेंबूरला आपल्या घरी जो गेला तो पुढे फक्त दिवाळीला उगवायचा.

तात्या मूळचे मालवणकडचे. बोटीवर खलाशी. साठीला आलेला, अंगाने कपाटासारखा माणूस. चालायचे असे सावकाश, की जमीन कुठल्याही क्षणी कलंडेल आणि ती सावरायची जबाबदारी आपल्यावर आहे. आणि एक खोड. 'हो' म्हणायचं असलं की तोंड उघडायचे नाहीत, नुसत्या दोन्ही भुवया उडवायचे. ज्या बेटावर त्यांची हयात गेली तिथे म्हणे 'हो' असंच म्हणतात. हे आम्हाला कुठे ठाऊक? आमच्या सेक्रेटरीची बायको, सावंत वहिनी, हंडा घेऊन नळावर आल्या आणि म्हणाल्या, "तात्या, पाणी आलं का?" तात्यांनी भुवया उडवल्या. वहिनी हंडा तिथेच टाकून घरात. सावंत बँकेतून आल्यावर बाह्या सरसावून तात्यांच्या दारात. तात्या त्यांना बघून खुशीत म्हणाले, "या सावंत, जेवायला." भांडायला आलेल्या माणसाला ताट वाढून बसलेला दुसरा माणूस मी अजून पाहिलेला नाही. सावंत "चालू द्या" म्हणून परत फिरले.

आता या 'या जेवायला'चीच तर सगळी कथा आहे.

तात्या राहायला आले त्याच आठवड्यात मी आणि माझी बायको शैला दार उघडं टाकून जेवायला बसलो होतो. तात्या दारावरून चालले होते. मी तोंडातला घास न गिळता म्हटलं, "या तात्या, जेवायला." हे वाक्य आपल्यात कशासाठी असतं ते मी सांगायला नको. आपण 'या जेवायला' म्हणायचं, समोरच्याने 'चालू द्या, चालू द्या' म्हणायचं, आणि आपण पुढच्या घासाकडे वळायचं. हा करार इतका जुना आहे की तो कुणी केला हेही कुणाला आठवत नाही.

तात्यांनी चपला काढल्या. सरळ मोरीत जाऊन हातपाय धुतले. आणि माझ्या ताटासमोर मांडी घालून बसले.

शैलाने माझ्याकडे पाहिलं. मी पातेल्याकडे पाहिलं. पातेल्यात मोजून दोघांचा भात. पण बाई मोठी पक्की. चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता तिने तिसरं ताट घेतलं, स्वतःच्या ताटातला भात त्यात सारला, वर आमटी ओतली.

"गो शैला, आमटीक काय घातलंस?"

"काही नाही तात्या, साधी तुरीची आहे."

"साधी अशी करतंस, तर माणसाने उठायचा कसा?"

आणि खरंच उठले नाहीत. चांगले दोन तास बसले. जाताना म्हणाले, "उद्या तुम्ही माझ्याकडे." मी आपलं 'हो हो' म्हणालो, तेही त्याच जुन्या करारातलं. पण शैलाने दुसऱ्या दिवशी मला शर्ट बदलायला लावला. "तो माणूस खरंच बोलावतोय रे," ती म्हणाली. आम्ही गेलो. तात्यांनी तीन ताटं मांडून ठेवली होती, आणि अळूच्या पानात मासा गुंडाळून नारळाच्या रसात असा काही शिजवला होता, की मी तीन दिवस ऑफिसात कुणाशी नीट बोललो नाही. तोंडातली चव जाईल म्हणून.

त्या दिवशी आम्हाला त्यांची सगळी हकीकत कळली.

तोंगा नावाचा देश. नकाशावर शोधायला गेलात तर आधी चष्मा पुसा. बऱ्याच नकाशांत तो माशी बसल्याचा डाग समजून छापणाऱ्याने खोडलेला असतो. तात्यांची बोट तिथे खोबरं भरायला जायची. एकदा तापाने फणफणले म्हणून कप्तानाने त्यांना धक्क्यावर उतरवलं. सिओने नावाच्या एका खोबरंवाल्याने उचलून घरी नेलं. ताप उतरला आणि बोट विसरली, की बोट गेली आणि ताप उतरला, हे तात्या दर वेळी वेगळं सांगायचे. पण राहिले ते राहिलेच.

"देश कसला, आपलं मालवणच ता," ते सांगायचे. "तोच माड, तोच अळू, तोच फणस. फक्त समुद्र संपत नाही. तिकडे कुणी जमीन विकत घेत नाही. पोरगा वयात आला की त्याच्या वाटणीचा तुकडा त्याला मिळायचा, असा राजाचा कायदा. पुरुषांनी माडावर चढायचं, खोबरं वाळवायचं. बाया एका झाडाची साल कुटून कुटून कापड करतात, चटया विणतात. बँकेत पैसा किती, ता थंय कोण विचारणा नाय. लग्नात, मयतात कुणाच्या घरून किती चटया गेल्या, तो श्रीमंत."

"गेल्या? म्हणजे दिल्या?" मी विचारलं.

तात्यांनी भुवया उडवल्या.

तिथे त्यांनी दुकानही टाकलं होतं. डब्यातलं मटण, मैदा, काड्यापेट्या, साखर. पण तिथली रीत अशी, की नातलगाने मागितलं तर नाही म्हणायचं नाही. आणि सिओनेच्या घरी राहिल्यामुळे निम्मं बेट तात्यांचं नातलग झालेलं. उरलेलं निम्मं त्या नातलगांचं. दुकान उघडलं सकाळी आणि दुपारपर्यंत फळीवर फक्त तात्या उरले, असं ते सांगायचे. मी चार महिने धरतो.

"म्हणजे बुडालंच की," मी म्हणालो.

"दुकान बुडलं. पण मग पंधरा वर्षं माझ्या घरात चूल पेटली नाही वसंता. जेवणाच्या वेळी रस्त्यावरून निघायचं. ह्या घरातून हाक, त्या घरातून हाक. हाउ काइ, हाउ काइ. म्हणजे ये, जेव. आणि हाक मारली तर बसायचं. कारण हाक मारणाऱ्याने आधीच एक वाटा जास्त घातलेला असतो."

"मग आलात कशाला?" हे शैलाने विचारलं. मी तेच विचारायला घाबरत होतो.

तात्या माशाचे काटे काढत राहिले. मग सांगितलं. खोबऱ्याचा भाव पडला. केळीवर रोग आला. पोरं एकेक करून ऑकलंडला गेली, कारखान्यांत. तिकडून पैसे यायचे, डबे यायचे, रेडिओ यायचा. घरोघरी सामान वाढलं आणि जेवणारी तोंडं कमी झाली. सिओने वारला. मेले नावाची त्याची बायको, तिला मुलीने ऑकलंडला नेलं. तात्या त्या मोठ्या घरात एकटे. दार उघडं ठेवून बसायचे आणि रस्त्यावरून कोण जातंय बघायचे.

"जाणारंच कोण उरलं नाही," ते म्हणाले. "तेव्हा म्हटलं, आपल्या माणसांत जाऊया. आपल्यातही हाक मारतात. लहानपणी ऐकलेली होती ना."

आता पुढे काय झालं असेल ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. तात्यांनी ती हाक प्रत्येक दारात खरी मानली. गिरणीवाल्या रेडकरांकडे बसले. गोदीतल्या मोंडकरांकडे बसले. सावंतांकडे तर श्रावणी सोमवारी संध्याकाळी, उपास सोडायच्या वेळी बसले. वाईट काही नाही, माणूस खायचाही बेताचं. पण ज्याच्या त्याच्या घरी भात मोजका, आणि बायकांच्या जिवाला घोर. आधी ते वाक्य गेलं. तात्यांची सावली अंगणात पडली की माणसं ताटात अशी डोकं घालत, जणू आमटीत काही हरवलंय. पण नुसतं गप्प बसणंही जड जायला लागलं, जीभ सवयीने सुटायची. म्हणून मग दारं लागली. एकाचं लागलं, त्याचं बघून दुसऱ्याचं. जेवणाच्या वेळी अंगणात असा शुकशुकाट, की कुणाकडे कसली फोडणी पडली हे वासावरूनच ओळखायचं.

एका संध्याकाळी तात्या माझ्या पायरीवर येऊन बसले.

"वसंता, एक विचारू? ह्या लोकांचं बरं चाललंय ना?"

"का हो?"

"दार लावून जेवतात." त्यांनी आवाज खाली आणला. "तिकडे आमच्या गावात दार लावून एकच माणूस जेवायचा. ज्याच्याकडे दुसऱ्याला देण्याएवढं नसेल तो. मग शेजारी काय करीत, उजाडायच्या आत त्याच्या दारात काहीतरी ठेवून येत. नाव न सांगता. त्याची लाज राहायला हवी ना."

मी हसलो. म्हटलं, तात्या, तसं काही नाही हो. त्यांना वाटलं मी शेजाऱ्यांची लाज झाकतोय. माझ्या खांद्यावर हात ठेवून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बोंब उठली. प्रत्येक दाराच्या उंबऱ्यावर एक सोललेला नारळ, खाली अळूचं पान.

कोकणातल्या माणसाच्या दारात कुणी न सांगता सकाळी सकाळी नारळ ठेवला, तर त्याचा अर्थ काय होतो, हे तोंगात पंचवीस-तीस वर्षं काढलेला माणूस विसरला होता. आम्ही नव्हतो विसरलो. मोंडकरांची म्हातारी उंबऱ्याआड बसून देवाचं नाव घेत होती. रेडकर त्या दिवशी खिडकीतून कामाला गेले, आणि आमच्या खिडक्यांची मापं बघता तो खरोखर चमत्कार होता. सावंत बँकेत मोठमोठ्या नोटा पुसून सरळ करणारा माणूस, पण नारळाला तो लांबूनच, डोळे मिटून काठीने ढकलत होता. शेवटी सगळे नारळ काठीकाठीने गोळा करून खाडीत सोडले. मला आदल्या संध्याकाळचं बोलणं आठवत होतं, पण त्या गोंधळात तात्यांचं नाव घ्यायचा धीर झाला नाही. आणि संध्याकाळी सावंतांनी सोसायटीची तातडीची सभा लावली. विषय एकच. करणी कुणी केली?

सभा अंगणात. सगळे हजर. तात्या सगळ्यांच्या शेवटी आले, आणि त्यांनी पँटच्या वर कमरेला एक जुनी, कडा झिजलेली चटई गुंडाळून काथ्याच्या दोरीने बांधली होती.

"मयेकर, झोपेतून उठून आलात काय?" सावंत म्हणाले.

"नाही हो. सभेचा मान म्हणून नेसलोय. तिकडे मोठ्या माणसांसमोर असंच जातात."

कुणीतरी फिस्सकन हसलं. सावंतांनी घसा साफ केला. "विषय गंभीर आहे. आज पहाटे कुणीतरी प्रत्येक दारात नारळ..."

"ते मी ठेवले," तात्या म्हणाले.

मी तुम्हाला सांगतो, त्या क्षणी चारकोपच्या खाडीतले डाससुद्धा भुणभुणायचे थांबले.

"तुम्ही? कशाला?"

"कशाला म्हणजे? तुमचं पोट भरावं म्हणून."

सावंत लाल झाले. "अहो मयेकर, आम्ही काय उपाशी मरतोय?"

"मग दार लावून का जेवता?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मोंडकर चपलेचा पट्टा बघत होते. शैलाने माझा हात धरला. शेवटी सावंत वहिनी म्हणाल्या, आणि रागाने नाही म्हणाल्या, उलट अवघडून, नजर खाली घालून म्हणाल्या, "तुम्ही येता म्हणून, तात्या."

तात्यांनी भुवया उडवल्या. बाकीच्यांना तो पुन्हा आगाऊपणा वाटला. मला आणि शैलाला माहीत होतं की त्यांनी फक्त 'हो' म्हटलं होतं.

मग त्यांनी कमरेची चटई सोडली, नीट गुंडाळली आणि म्हणाले, "चुकी माझी. मी तुमच्याकडे आलो. आता तुम्ही माझ्याकडे या. रविवारी. सगळ्यांनी. इथे, अंगणात बसू."

सगळे 'हो हो' म्हणाले. जुन्या करारातलं की खरं, हे त्यांनाही ठाऊक नसावं.

शनिवारपासून तात्यांनी अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणायला घेतला. सावंत पाण्याचा पाइप फुटेल या धास्तीने दर अर्ध्या तासाने येऊन खड्ड्यात डोकावायचे. रविवारी उजाडताच तात्यांनी खड्ड्यात लाकडं पेटवली, त्यावर काळे दगड तापत घातले. धूर असा, की मार्व्याच्या कोळ्यांनी म्हणे होड्या उलट फिरवल्या. दगड लाल झाल्यावर त्यांवर केळीची पानं, पानांवर अळूत बांधलेल्या पुड्या. कशात मासा, कशात कोंबडी, सगळ्यात नारळाचा दाट रस. कणगीचे कंद. कच्ची केळी. वरून पुन्हा पानं, गोणपाट आणि माती. शैला पहाटेपासून नारळ खवत होती. मी गोण्या भिजवत होतो. तात्यांनी ट्रंकेशेजारचं ते भेंडोळं सोडलं आणि सगळ्या चटया अंगणात एकीला एक लावून अंथरल्या. इतक्या मऊ चटया, की पाय ठेवायला लाज वाटावी. साऱ्या सोसायटीची पंगत सहज बसली असती.

"तिकडे रविवारी कुणी काम करत नाही," तात्या सांगत होते. "देवळातून आलं की खड्डा उघडायचा आणि बसायचं. संध्याकाळपर्यंत."

इकडे रविवारी सकाळी टीव्हीवर देवादिकांची मालिका असायची. अख्खी सोसायटी ज्या दोन घरांत टीव्ही होता तिथे कोंबलेली. ती संपेपर्यंत तात्यांनी खड्डा उघडला नाही. मग उघडला. तो वास आला आणि एकेक दार उघडलं. मी मनात म्हटलं, जमलं.

पहिले रेडकर आले. हातात स्टीलचा डबा.

"घरी मटण शिजलंय तात्या, रविवार ना. ह्यातलं थोडं तोंडी लावायला नेतो."

तात्यांनी डबा भरून दिला. मागून मोंडकर, डबा घेऊन. पाव्हणे यायचेत म्हणाले. सावंत वहिनी मोठा पुडाचा डबा घेऊन आल्या, अगदी प्रेमाने बोलल्या, पोरांची परीक्षा आहे म्हणाल्या, वास किती छान सुटलाय म्हणाल्या. कुणी वाईट बोललं नाही हो. प्रत्येकाने तारीफ केली, प्रत्येकाने डबा भरून घेतला, प्रत्येक जण चटईच्या कडेकडेने, तिच्यावर पाय न देता आला आणि गेला. तात्या वाढत होते. पहिल्या दोघातिघांना "बसा की" म्हणाले. नंतर तेही म्हणाले नाहीत.

सगळ्या दारांच्या कड्या लागल्या. अंगणभर चटया, आणि त्यांवर आम्ही तिघं.

"तिकडेसुद्धा लोक उरलेलं घरी नेतात," तात्या म्हणाले. आमच्याकडे न बघता. "पण आधी बसतात."

आम्ही जेवलो. मी त्या दिवशी खरोखर चार माणसांचं जेवलो, यात काडीची अतिशयोक्ती नाही. पण चार माणसांचं जेवलं म्हणून माणूस चार होत नाही.

त्यानंतर खड्डा बुजला. तात्यांनी कुणाच्या दारावरून जेवणाच्या वेळी जाणं सोडलं; अंगणाला वळसा घालून मागच्या गटाराच्या बाजूने जायचे. आमच्याकडे मात्र यायचे. पुढे माझी बदली मुलुंडला झाली आणि आम्ही तिकडे बिऱ्हाड हलवलं. निघताना शैला रडली. तात्या टेम्पोत आमची भांडी लावत होते आणि कुठलं पातेलं कशात बसतं यावर माझ्याशी वाद घालत होते.

वर्षभराने खोलीच्या कामासाठी चारकोपला गेलो. दुपारची वेळ. तात्यांचं दार सताड उघडं, आत कुणी नाही, स्टोव्ह थंड. समोरून सावंत वहिनींनी मला पाहिलं. दार अर्धंच उघडून म्हणाल्या, "ते हल्ली इंडस्ट्रियलमधल्या खाणावळीत जेवतात. स्वयंपाक येतो, तरी."

इंडस्ट्रियल इस्टेट जवळच. खाणावळ म्हणजे पत्र्याची शेड, लांबच लांब टेबलं, दोन्ही बाजूंना बाकडी. भोंगा झाल्याबरोबर युनिटांतली पोरं ऑइलचे हात घेऊन आत घुसत होती. तात्या मधल्या बाकड्यावर होते. टोकाला नाही, बरोबर मधे, दोन्हीकडून माणूस बसेल असे.

"त्यांना ओळखता?" गल्ल्यावरच्या मालकाने विचारलं. "एका थाळीवर तीन पंगती काढतात. एक चपाती पुरवून पुरवून खातात. बाजूचे उठले, दुसरे बसले, तरी ह्यांचं चालूच."

"मग उठवत नाही?"

"उठवून कुठे पाठवू?"

मी आत जाणार होतो. त्यांच्या उजव्या बाजूची जागा नुकतीच मोकळी झाली होती. पण मी पाऊल टाकायच्या आत एक पोरगा तिथे घुसला. "सरका काका," म्हणाला. तात्या सरकले. कोपराला कोपर लागलं. पोराने ताट ओढून घेतलं, भिंतीकडे बघत भात कालवायला घेतला. तात्यांनी मिठाची वाटी त्याच्या पुढ्यात सारली. त्याने मान वर न करता चिमूट घेतली.

तात्यांनी चपातीचा एवढासा तुकडा मोडला, आमटीत बुडवला, आणि त्या पोराचा पहिला घास तोंडात जाईपर्यंत हातात तसाच धरून ठेवला.